तीन इंचांचा मासा आणि धरणाची खातेवही

माशाची किंमत काय, हा प्रश्न आमच्या कोकणात रोज सकाळी विचारला जातो. टोपलीपाशी उकिडवे बसायचे, कल्ला उचलून लाली पाहायची, भाव ऐकून नाक मुरडायचे, चार पावले पुढे जायचे आणि पुन्हा त्याच टोपलीशी परतायचे, हा रिवाज आम्ही लहानपणापासून पाहत आलो. १९७८ साली हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्तींपुढे आला. फरक इतकाच की त्या माशाला कोणत्याही बाजारात गिऱ्हाईक नव्हते. मातकट रंगाचा, जेमतेम तीन इंचांचा, नदीच्या तळाशी गोगलगायी टिपून जगणारा हा जीव. इंग्रजीत त्याला ‘स्नेल डार्टर’ म्हणतात. त्याच्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतलेले आणि जवळजवळ पुरे झालेले धरण थांबवावे की नाही, याचा फैसला करायचा होता.

विकासाच्या आड येणाऱ्यांची टर उडवायची असली की ही गोष्ट आजही सांगितली जाते. चिमूटभर माशासाठी धरण अडवले म्हणे! आम्हीही ती तशीच ऐकली होती आणि हसलोही होतो. पुढे त्या प्रकरणाची हकीकत वाचत गेलो तसे हसू मावळले. त्या खटल्यात माशाची किंमत विचारता विचारता धरणाची किंमत विचारली गेली, आणि ती विचारू नये अशी पुष्कळांची इच्छा होती.

धरण बांधणारी संस्था टेनेसी व्हॅली अथॉरिटी, म्हणजेच टी.व्ही.ए. तिचे नाव आपल्या देशाला परके नाही. १९३३ साली, जागतिक मंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती स्थापन केली. एका संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्रित विकास करायचा, पूर आवरायचा, वीज काढायची, दरिद्री शेतकऱ्याच्या झोपडीत दिवा लावायचा, हा तिचा हेतू. त्या काळी जगभरच्या नियोजनकारांना तिने भुरळ घातली. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोऱ्यासंबंधीची परिषद घेतली तेव्हा समोर नमुना होता तो टी.व्ही.ए.चाच. टी.व्ही.ए.तून आलेल्या वूर्डुइन नावाच्या अभियंत्याने दामोदरचा आराखडा आखला आणि १९४८ साली दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभे राहिले. स्वतंत्र भारताचा धरणांवरचा विश्वास ज्या मुशीतून निघाला ती मूस ही. म्हणून टेनेसीच्या त्या लहान नदीची गोष्ट सांगताना आम्हाला सातासमुद्रापलीकडची गोष्ट सांगतो आहोत असे वाटत नाही.

नदीचे नाव लिटल टेनेसी. टी.व्ही.ए.ने पहिल्या तीन दशकांत खोऱ्यातल्या चांगल्या जागा बांधून काढल्या होत्या. पूर आवरला होता, वीज आली होती. उरली होती ती अशी ठिकाणे, जिथे धरण बांधण्याला कारण शोधावे लागे. टेलिको हे त्यांतलेच एक. १९६६ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याला पैसा मंजूर केला आणि १९६७ च्या मार्चमध्ये काम सुरू झाले. या धरणाला स्वतःचे वीजघर नव्हते. साठलेले पाणी एका कालव्याने शेजारच्या फोर्ट लाउडन जलाशयात न्यायचे आणि तिथल्या जुन्या जनित्रांवर थोडी जास्तीची वीज काढायची, एवढाच विजेचा हिशेब. मग फायदा कुठला? तर तळ्याकाठी कारखाने येतील, नवे शहर वसेल, लोक नौकाविहाराला येतील आणि काठच्या जमिनीचे भाव चढतील. साठ मैलांच्या टापूत असे वीसहून अधिक मोठे जलाशय आधीच होते. तरी एकविसाव्या-बाविसाव्या तळ्यावर लोक गर्दी करतील असे धरले गेले, आणि त्या गर्दीचे डॉलर लाभाच्या रकान्यात मांडले गेले.

आता जमिनीचे पाहू, कारण आमच्या मते या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. टी.व्ही.ए.ने सुमारे ३८ हजार एकर जमीन संपादन केली. पाण्याखाली जाणार होती ती मात्र साधारण १६ हजार एकर. बाकीची जमीन कशासाठी? ती तळ्याकाठची जमीन होणार होती, म्हणजे महाग होणार होती. शेतकऱ्याकडून शेतीच्या भावाने घ्यायची आणि पुढे कारखानदाराला व बंगलेवाल्याला काठाच्या भावाने द्यायची, या व्यवहारातला नफा हा प्रकल्पाचा ‘लाभ’ म्हणून दाखवलेला होता. तीनशेहून अधिक कुटुंबे उठणार होती. गाळाची उत्तम जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. विकायची नाही म्हणणाऱ्यांवर सक्तीच्या भूसंपादनाचा बडगा आला. धरणाच्या पाण्यासाठी जमीन जाणे आणि धरणाच्या नावावर जमीन जाणे, या दोहोंतला फरक आपल्याकडच्या धरणग्रस्ताला फोड करून सांगावा लागत नाही. बोइंग या विमान कंपनीने ‘टिंबरलेक’ नावाचे आदर्श नगर तिथे वसवण्याचा बेत केला होता. १९७५ साली तिने अंग काढून घेतले. हिशेबातला मोठा आधार गेला, तरी काम थांबले नाही.

शेतकरी, गळ टाकून ट्राउट धरणारे हौशी लोक आणि चेरोकी आदिवासी यांनी आपापल्या परीने विरोध केला. चेरोकींसाठी ही नुसती नदी नव्हती. चोटा आणि तानासी ही त्यांची जुनी राजधानीची गावे याच काठावर होती. टेनेसी हे राज्याचे नावच तानासीवरून पडले. ज्या सेक्वोयाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेला स्वतःची लिपी दिली त्याचे जन्मगावही इथेच. आपल्या बोलीला अक्षर मिळण्याची ओढ काय असते हे या अंकाच्या वाचकांना माहीत आहे, म्हणून हा उल्लेख. शिवाय काठावर त्यांच्या पूर्वजांच्या कबरी होत्या. १९७२ च्या आरंभी न्यायालयाने पर्यावरणीय अहवाल नीट दिला नाही म्हणून काम अडवलेही. पण १९७३ मध्ये अहवाल सादर झाला आणि मनाई उठली. अहवाल द्या, मग हवे ते करा, अशी ती कायद्याची गंमत.

आणि त्याच वर्षी मासा सापडला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी टेनेसी विद्यापीठाचे मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर कॉयटी स्प्रिंग्ज नावाच्या उथळ धारेत पाण्याखाली पाहत होते. तळाच्या गोट्यांमध्ये त्यांना कधी न पाहिलेला मासा दिसला. डार्टर कुळात शंभराहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य टेनेसीतच. पण हा त्यांतला कुठलाच नव्हता. शास्त्रीय नाव ठेवले ‘पर्सिना तानासी’. चेरोकींचे बुडू घातलेले गाव असे माशाच्या नावात येऊन बसले. या माशाला स्वच्छ, थंड, खळाळते पाणी लागे आणि तळाशी गाळ नसलेले गोटे लागत. गोगलगायी तिथेच मिळत. टी.व्ही.ए.ने इतर सगळ्या नद्यांची तळी केल्यामुळे असे पाणी उरले होते ते या अखेरच्या वाहत्या पट्ट्यात. खटल्यात त्याची संख्या दहा ते पंधरा हजार धरली गेली.

माशानंतर साडेचार महिन्यांनी, २८ डिसेंबर १९७३ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर सही केली. त्याच्या सातव्या कलमात एक साधे बंधन होते. कोणत्याही केंद्रीय खात्याने अशी कृती करू नये की जिच्यामुळे संकटग्रस्त जातीचे अस्तित्व धोक्यात येईल किंवा तिचा निर्णायक अधिवास नष्ट होईल. सही करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गरुड, अस्वल, देवमासा अशी रुबाबदार मंडळी असणार; गोगलगायी खाणाऱ्या चिमुकल्याची आठवण कुणाला झाली नसेल. हायरम हिल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना, झिगमुंट प्लेटर यांना, विचारले की या विषयावर निबंध लिहिला तर चालेल का. निबंधातून याचिका निघाली. १९७५ साली माशाची संकटग्रस्त म्हणून नोंद झाली, १९७६ साली नदीचा तो पट्टा निर्णायक अधिवास ठरला, आणि त्याच वर्षी हिल विरुद्ध टी.व्ही.ए. खटला उभा राहिला. टी-शर्ट विकून खर्च भागवणारी ही फिर्यादी मंडळी होती. योगायोग म्हणा, पण महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तोही १९७६ मध्येच.

खालच्या न्यायालयाने टी.व्ही.ए.ची बाजू घेतली, अपील न्यायालयाने धरण थांबवले आणि प्रकरण वर गेले. सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या वतीने खुद्द ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल उभे राहिले आणि त्यांनी खिशातून काचेची कुपी काढून त्यातला मृत मासा न्यायमूर्तींना दाखवला. एवढ्याशासाठी? असा त्याचा भावार्थ. १५ जून १९७८ रोजी सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला तो माशाच्या बाजूने. मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर हे काही झाडे-प्राण्यांचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले की संसदेने जातींचा ऱ्हास थांबवायचा तो कोणत्याही किमतीला असे ठरवले आहे. ते शहाणपणाचे आहे की नाही हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे. कायद्याला तराजू नाही, तर आम्ही तो कुठून आणू, असा हा युक्तिवाद.

संसदेत खळबळ उडाली. तराजू नाही ना, मग आणू या, असे म्हणून १९७८ च्या अखेरीस कायदा दुरुस्त झाला. त्यातल्या दोन तरतुदी पुढच्या सगळ्या इतिहासाला कारण झाल्या. पहिली अशी की एखाद्या नदीचा वा जंगलाचा तुकडा निर्णायक अधिवास म्हणून जाहीर करताना त्याचा आर्थिक परिणाम विचारात घ्यावा. जात संकटग्रस्त आहे की नाही हे विज्ञानाने ठरवावे, पण तिचे घर कुठवर राखायचे हे ठरवताना पैशाचाही विचार व्हावा. दुसरी तरतूद सात जणांच्या समितीची. ती वाटल्यास एखाद्या प्रकल्पाला कायद्यातून सूट देऊ शकत होती, म्हणजे एखादी जात नष्ट होऊ देण्याचा परवाना. लोकांनी तिला ‘गॉड स्क्वॉड’ असे नाव ठेवले. खुदाई फौजच म्हणा ना! जगवायचे की मारायचे हे ठरवणारे सात सरकारी माणूस.

या समितीपुढे टेलिकोचे धरण सहज सुटेल अशी सर्वांची अटकळ होती, कारण समिती जणू त्याच्यासाठीच काढली होती. २३ जानेवारी १९७९ रोजी समिती बसली. सदस्यांत राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स शुल्ट्झ होते, नामांकित अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी जो मुद्दा मांडला तो आमच्यासारख्या जमाखर्चात कच्च्या माणसालाही कळतो. धरण ९५ टक्के पुरे झाले आहे. गेलेला पैसा गेला, तो हिशेबात धरू नका. आता फक्त उरलेले पाच टक्के काम करायला काय खर्च येईल ते एका बाजूला ठेवा, आणि संपूर्ण धरणापासून मिळणारा सगळा फायदा दुसऱ्या बाजूला. तरीही पारडे खर्चाकडेच झुकते. बुडणाऱ्या शेतजमिनीचे मोल धरून वर्षाचा खर्च सुमारे ७२ लाख डॉलर, लाभ सुमारे ६५ लाख. म्हणजे फुकट मिळाले असते तरी धरण तोट्यात. सातही जणांनी एकमताने सूट नाकारली. समितीचे अध्यक्ष सेसिल अँड्रस यांनी बोलून दाखवले की मुळातच अविचारी आणि न परवडणारा प्रकल्प थांबवल्याचे श्रेय माशाला मिळावे याचे आपल्याला वाईट वाटते.

त्यांचे खरेच होते. १९७७ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने टी.व्ही.ए.चे लाभाचे आकडे जुने आणि न टिकणारे असल्याचे सांगितले होते. पण लेखापरीक्षणाचा अहवाल कोण वाचतो? वर्तमानपत्रांनी धरण विरुद्ध मासा अशी कुस्ती रंगवली आणि शेतकरी, जमीन, फसवा हिशेब ही सारी मंडळी आखाड्याबाहेर राहिली. अधिवास राखल्याने देशाचे किती नुकसान झाले हा प्रश्न शंभर वेळा विचारला गेला. अधिवास बुडवल्याने किती नुकसान होणार होते हे पहिल्यांदा मोजले गेले तेच मुळी माशाने कायद्याचे दार अडवल्यामुळे. शेतकऱ्यांनी ओरडून सांगितले तेव्हा खातेवही उघडली नव्हती, ती माशासाठी उघडली. माणसांची काय पत होती हे त्यावरून दिसते.

पुढे जे झाले ते राजकारणात होतेच. जून १९७९ मध्ये कनिष्ठ सभागृहात ऊर्जा आणि पाणी खात्याच्या खर्चाचे विधेयक होते. टेनेसीच्या प्रतिनिधीने त्याला एक शेपूट जोडले. कोणताही कायदा आड आला तरी टेलिको पुरे करावे, असा त्याचा मतलब. ते वाचून न दाखवताच मिनिटभराच्या आत मंजूर झाले. सिनेटने आधी विरोध केला, पण १० सप्टेंबरला ४८ विरुद्ध ४४ मतांनी मान तुकवली. सिनेटर हॉवर्ड बेकर यांनी आपले सारे वजन खर्ची घातले होते. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी २५ सप्टेंबरला खेद व्यक्त करून सही केली. चेरोकी अखेरचा प्रयत्न म्हणून न्यायालयात गेले. जमीन आता टी.व्ही.ए.ची आहे, तुमचा तिच्यावर हक्क नाही, असे त्यांना सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या काही घरांवर सरकारी मार्शल आले, माणसे बाहेर काढली आणि घरे जमीनदोस्त केली. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी दारे बंद झाली आणि पाणी चढू लागले.

कबरींचे काय झाले, हा प्रश्न आमच्या मनात येणारच. गोऱ्या कुटुंबांच्या दफनभूमीतले अवशेष उचलून उंचावर पुन्हा पुरले गेले. चेरोकींच्या पूर्वजांच्या अस्थी मात्र उत्खननात निघाल्या आणि विद्यापीठात गेल्या. त्यांतल्या काही १९८६ साली जलाशयाकाठच्या सेक्वोया स्मारकापाशी पुन्हा मातीत ठेवण्यात आल्या. लाभ-खर्चाच्या तक्त्यात याला रकाना नव्हता, आणि कोणता आकडा लिहायचा हे आम्हालाही सांगता येणार नाही.

काठावर पुढे काय आले? काही कारखाने आले, बोटींचे धक्के आले आणि १९८० च्या दशकात ‘टेलिको व्हिलेज’ नावाची निवृत्तांची वसाहत आली, गोल्फची मैदाने असलेली. शेतकऱ्याच्या नातवाला तिथे घर घेणे परवडले का, ते विचारू नये.

मासा मात्र तरला. १९७५-७६ मध्येच शास्त्रज्ञांनी सातशेच्या वर मासे उचलून हायवासी नदीत सोडले होते, ते रुजले. १९८० नंतर इतर ओढ्या-नद्यांतही त्याचे थवे सापडले. १९८४ मध्ये त्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘धोक्यातला’ असा सौम्य झाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो यादीतूनच निघाला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण जानेवारी २०२५ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधनिबंध छापला की ही स्वतंत्र जात नव्हेच. स्टारगेझिंग डार्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचीच ही पूर्वेकडची वस्ती. सगळेच शास्त्रज्ञ हे मान्य करतील असे नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मासा वेगळा असो वा नसो, ६५ लाख हे ७२ लाखांहून कमीच राहतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की अधिवास राखण्यात तोटा कुणाचाच नसतो. तसे आम्ही म्हटले तर तो दुसऱ्या बाजूचा खोटा हिशेब होईल. म्हणून आणखी एक नदी पाहू. ऑरेगन आणि कॅलिफोर्निया राज्यांच्या सीमेवरची क्लॅमथ. तिच्या उगमाकडे एक विस्तीर्ण उथळ तळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने तिथे पाटबंधारे काढले आणि शेतकरी वसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना जमिनी दिल्या त्या लोणच्याच्या बरणीतून चिठ्ठ्या काढून. बटाटा, कांदा, जव, घास पिकवीत त्यांची मुलेबाळे मोठी झाली. त्याच तळ्यात दोन जातींचे सकर मासे राहतात. १९८८ साली ते संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले. नदीच्या खालच्या अंगाला कोहो सामन मासा. तो १९९७ साली यादीत आला.

२००१ साली कडक दुष्काळ पडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकारने जाहीर केले की तळ्यातले पाणी माशांसाठी राखावे लागेल, बहुतेक शेतांना यंदा थेंबही मिळणार नाही. सुमारे १४०० शेते, दोन लाख एकरांच्या आसपास रान. बी-बियाणे, कर्ज, मजूर, सारे ठरलेले असताना हा निर्णय आला. हजारो लोकांनी मेमध्ये रस्त्यावर ओळ धरून हातोहात बादल्यांतून पाणी कालव्यापर्यंत नेले, निषेध म्हणून. ४ जुलैला काहींनी कालव्याची दारे फोडून पाणी सोडले. संसदेने दोन कोटी डॉलरची मदत दिली, पण ती एकरांच्या हिशेबाने वाटायची होती. बटाटे काढणाऱ्या, कांदे निवडणाऱ्या मजुरांच्या नावे जमीनच नव्हती, मग धनादेश कुणाच्या नावे निघणार? पुढच्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने अंतरिम अहवालात म्हटले की तळ्याची पातळी तितकी उंच ठेवण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. शेतकऱ्यांचा संताप किती झाला असेल ते सांगायला नको. तो खोटाही नव्हता.

२००२ मध्ये म्हणून शेतांना पाणी मिळाले. सप्टेंबरमध्ये नदीच्या मुखाकडे पाणी आटून तापले, सामन दाटीवाटीने अडकले, रोग पसरला आणि तीस हजारांहून अधिक मासे मेले. काठावरच्या युरोक जमातीने आपल्या नदीतून ती मढी वाहताना पाहिली. गोष्ट तिथेही थांबली नाही. क्लॅमथचा सामन घटल्यामुळे २००६ साली ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या शेकडो मैल किनाऱ्यावर व्यापारी मासेमारी बहुतांशी बंद करावी लागली. तिथल्या नाखव्यांना सरकारने पुढच्या वर्षी सहा कोटी डॉलर दिले, म्हणजे शेतकऱ्यांना दिले त्याच्या तिप्पट. किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकाला हे चटकन उमगेल. डोंगरात नदी अडली की जाळे समुद्रात रिकामे येते. खर्च वाचला असे शेताच्या वहीत लिहिले गेले तेव्हा तो दुसऱ्याच्या वहीत चढला होता. फक्त त्या वह्या वेगवेगळ्या कपाटांत होत्या.

आणि एक वही तर कधी उघडलीच गेली नाही. क्लॅमथ जमातीने १८६४ सालच्या तहात लक्षावधी एकर भूमी देऊन टाकली, बदल्यात मासे धरण्याचा हक्क राखला. सकर मासा, त्यांच्या भाषेत च्वाम, हे त्यांचे अन्न होते, पोटाचा धंदा होता. मासे खालावले म्हणून जमातीने आपणहून १९८६ मध्ये मासेमारी थांबवली. कायद्याने नोंद घेण्याच्या दोन वर्षे आधी. ती कुणी ‘आर्थिक परिणाम’ म्हणून मोजली नाही, कारण सरकारी अहवालात परिणाम मोजायचा तो अधिवास राखल्याचा. अधिवास आधीच बिघडवल्याचा परिणाम ही ‘पूर्वस्थिती’ मानली जाते. शेतकऱ्यांनी २००१ च्या पाण्याची भरपाई मागत खटला चालवला. २०१९ साली अपील न्यायालयाने सांगितले की जमातींचा हक्क शेतकऱ्यांच्या हक्काहून जुना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यात हात घातला नाही.

त्याच नदीवर खालच्या बाजूला विजेची चार धरणे होती, १९१८ ते १९६२ या काळात बांधलेली, सामनची वर जाण्याची वाट अडवणारी. परवान्याची मुदत संपली तेव्हा मालक कंपनी पॅसिफिकॉर्पला सांगण्यात आले की नवा परवाना हवा तर माशांना वाट करून द्या. कंपनीने पाटी-पेन्सिल घेतली. जिने बांधण्यापेक्षा धरणे पाडणे ग्राहकांना स्वस्त पडते असा हिशेब निघाला. ग्राहकांकडून २० कोटी डॉलर आणि कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून २५ कोटी, असे ४५ कोटी उभे राहिले आणि २०२३-२४ मध्ये चारही धरणे पाडली. काम संपल्यावर काही दिवसांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, शतकाहून अधिक काळानंतर ऑरेगनमधल्या वरच्या उपनदीत सामन दिसला.

पण ही धरणे विजेची होती. वरच्या तळ्याचा आणि शेताच्या पाण्याचा तंटा त्यांनी सुटला नाही. २०२१ च्या दुष्काळात तळ्यातून निघणारा मुख्य कालवा मोसमभर बंद राहिला, शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा. कसेबसे विहिरींवर भागवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि जमातीच्या वस्त्या एकाच बाजारपेठेच्या गावाभोवती आहेत. दुकानात एकमेकांना भेटतात, बोलतातच असे नाही. तळ्यातले च्वाम अजून अंडी घालतात, पिल्ले निपजतात, पण ती मोठी होईपर्यंत सहसा टिकत नाहीत. उरलेले बरेचसे मासे वयस्कर आहेत, म्हणून आता पिल्ले हौदात वाढवून सोडतात. वसंतात मासे परतण्याच्या वेळी क्लॅमथ जमात आपला जुना विधी करते, आणि त्यासाठी वर्षाला दोन मासे धरते.